वरून आलेला नकाशा

उन्हाळा लागला की माझ्या नाकात आधी डांबराचा वास भरतो. लोकांना मोगरा आठवतो, पन्हं आठवतं, वाळ्याच्या ताट्यांवर मारलेलं पाणी आठवतं. मी रस्ते बांधणाऱ्या खात्यातला माणूस. आमचा कामाचा मोसमच उन्हाळा. पेरण्यांच्या आधी रस्ता मोकळा करून द्यायचा म्हणून फेब्रुवारीपासून आमच्या भट्ट्या पेटतात, त्या मृग तोंडावर येईपर्यंत. यंदाही मार्च सरतो न सरतो तोच वर्ध्यात घरोघरी कूलर बाहेर निघाले, त्यांतल्या जुन्या ताट्यांची धूळ गल्लीत झटकली गेली आणि आमच्या कचेरीमागे डांबराचा पहिला ड्रम तापला. त्या वासाच्या पोटात मला अजून एक वास येतो. कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा, कडसर-गोड. तो वास आता त्या रस्त्यावर येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी येतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कनिष्ठ अभियंता म्हणून आर्वीला रुजू झालो. सिंदी रेल्वे या गावातल्या एका कापूस अडत्याचा मुलगा, घरात सरकारी नोकरी करणारा पहिलाच. आर्वीहून रोहण्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक टप्पा माझ्याकडे आला. रस्ता कसला, समोरून एसटी आली की बैलगाडीने मुकाट खाली उतरावं एवढा अरुंद. पण दोन्ही बाजूंना कडुनिंब, मधूनमधून चिंच. वर फांद्या एकमेकींत शिरलेल्या. मे महिन्याच्या दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून मी मोटारसायकलने निघायचो. डोळे भाजत असायचे. आणि त्या झाडांखाली शिरलो की कोणीतरी मानेवर ओला हात ठेवावा तसं व्हायचं. तिथे ऊन नव्हतं असं नाही. ते जाळीसारखं रस्त्यावर पडलेलं असायचं, बोचायचं मात्र नाही.

त्या टप्प्यात एक फाटा होता. आतल्या दोन गावांची माणसं तिथे येऊन एसटीची वाट बघत बसायची. थांब्याची पाटी नव्हती, की शेड नव्हती. एक जुना कडुनिंब म्हणजेच थांबा. ड्रायव्हर बरोबर त्याच्याखाली गाडी उभी करायचा, कारण त्यालाही दोन मिनिटं सावली हवी असायची.

तिथेच मी गयाबाईला पहिल्यांदा पाहिलं. मैलकुली म्हणजे ठरावीक लांबीचा रस्ता सांभाळणारा आमच्या खात्यातला मजूर. खड्डे बुजवणं, नाल्या उपसणं, पडलेल्या फांद्या उचलणं हे त्याचं काम. गयाबाईचा नवरा त्या टप्प्याचा मैलकुली होता. तो साप चावून गेला आणि त्याच्या जागी ती लागली. फाट्यापासून आत, आतल्या गावातल्या बौद्धवाड्यात तिचं घर होतं. काळी, काटक बाई. पदर कमरेला खोचलेला, पायात टायरच्या चपला. मी गेलो तेव्हा ती डोक्यावरचा हंडा उतरवून एका वीतभर रोपाला पाणी घालत होती. रोपाभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण, आणि असं एक नाही, रस्त्याच्या उघड्या पडलेल्या तुकड्यावर ओळीने वीस-पंचवीस.

“हे काम तुमच्याकडे कोणी दिलं?” मी विचारलं. नवा साहेब होतो. आवाजात ते होतं.

“कोनं नाई, साहेब. वादळात इथची जुनी झाडं पडली. जागा बोडकी दिसे.”

“पाणी कुठून आणता?”

“थ्या वावरातल्या विहिरीतून. मालक नाई म्हनत नाई.” मग हंडा पालथा घालून म्हणाली, “मानूस उभा कुठी राहीन, साहेब? बाया लेकरं घेऊन येते, दोन-दोन घंटे गाडी येत नाई.”

कामाच्या वेळात ती झाडं लावते असं मी तिच्या हजेरीत लिहिलं नाही, एवढाच त्या झाडांमधला माझा वाटा. पुढे दर उन्हाळ्यात बघायचो. एखादं रोप बकरीने खाल्लं की गयाबाई त्या बकरीच्या मालकाच्या दारात जाऊन उभी राहायची. भांडायची नाही. नुसती उभी राहायची. दोन दिवसांनी तोच माणूस नवं रोप घेऊन यायचा. तिची मुलगी रेखा तेव्हा शाळकरी, परीक्षा आल्या की पाठांतर करत झाडांना पाणी घालायची. मी बदलून हिंगणघाटकडे गेलो तेव्हा ती झाडं माझ्या खांद्याला आली होती.

दोन हजार साल उलटल्यावर मी पुन्हा आर्वीला आलो. आता सोयाबीनचे ट्रक, ट्रॅक्टर, जीपगाड्या. त्या अरुंद रस्त्यावर दर महिन्याला कोणी ना कोणी पडायचं. रुंदीकरण मंजूर झालं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. बाळंतीण घेऊन जाणारी गाडी वेळेवर आर्वीला पोचावी असं कोणाला वाटणार नाही? मलाही वाटत होतं.

नकाशा मी काढला.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून ते वेगळं लिहितो. माझ्या टेबलावर, माझ्या हाताने, दोन दुपारी बसून तो मी काढला. रस्त्याच्या पूर्वेला सरकारी पडीक पट्टा होता. त्यात विजेचे खांब होते, बाकी काही नाही. सगळी रुंदी त्या बाजूला घेतली असती तर पश्चिमेची अख्खी ओळ वाचली असती. फाट्याचा जुना कडुनिंब आणि गयाबाईची झाडं त्याच ओळीत होती. तशी एक रेघ मी पेन्सिलने ओढलीही. पण खांब हलवायचे तर दुसऱ्या खात्याला पत्रं, त्यांचे आक्षेप, आमचे खुलासे. काम पावसाळ्यापलीकडे गेलं असतं. माझी वर्ध्याला बदली ठरत आली होती, मुलगा दहावीत जाणार होता. मला ते काम संपवून निघायचं होतं. मी खोडरबर घेतलं आणि ती रेघ पुसली. मध्यरेषा होती तिथेच ठेवून दोन्ही बाजूंना सारखी रुंदी धरली. नकाशा साफ दिसत होता. वरच्यांनी तो एका दिवसात मंजूर केला. मी दुसरी वाट दाखवलीच नव्हती, मग ते तरी काय विचारणार?

मग आला तो उन्हाळा. एप्रिलचे दिवस, कडुनिंब भरात फुललेला. आम्ही झाडं मोजायला निघालो. प्रत्येक झाडाची गोलाई टेपने घ्यायची, खोडावर पांढरा पट्टा मारायचा, त्यावर नंबर टाकायचा. टेप धरायला आणि रंगाचा डबा उचलायला टप्प्याचा मजूर लागतो. टप्पा गयाबाईचा होता.

टेपचं एक टोक धरून ती खोडाभोवती फिरायची, मी आकडा वाचायचो, ती ब्रश मारायची. केसांत, खांद्यावर फुलं पडत होती. रंगाच्या डब्यातसुद्धा पडत होती, ती बोटाने काढून टाकत होती. फाटा जवळ आला. तिच्या झाडांपाशी टेप गुंतला, तेव्हा तिने सरळ पहिल्या झाडाला कवेत घेतलं. हाताची बोटं पलीकडे जेमतेम टेकली.

“एवढी लिवा,” ती म्हणाली.

मी हसलो नाही. तीही हसली नाही. हात सोडवून तिने विचारलं, “साहेब, एकाच बाजूनं रुंद करता नाई येत काय? तिकडं तं पडीकच हाय.”

आमच्या खात्यात इतकी वर्षं काढलेली बाई. तिला दिसत होतं. मला जे पेन्सिलने दिसलं, ते तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

“नकाशा वरून आला आहे, गयाबाई,” मी म्हणालो.

“वरून म्हन्जे?”

“नागपूर, मुंबई. आपल्या हातात नाही ते.”

“असं,” ती म्हणाली, आणि तिने ब्रश डब्यात बुडवला.

झाडं पडायला आठवडाही लागला नाही. यंत्राच्या करवतीला काय, जुन्या कडुनिंबाला जेवढा वेळ तेवढाच चिंचेला. ओल्या लाकडाचा कडवट वास तो फुलोऱ्याचा वास खाऊन टाकत होता. खाली पडलेल्या फांद्यांवर मधमाश्या तशाच घोंगावत होत्या, झाड आडवं झालंय हे त्यांना कळलं नव्हतं. त्या आठवड्यात गयाबाई कामावर आली नाही. इतक्या वर्षांत तिने घेतलेली ती पहिली लागोपाठ रजा. मी रजेच्या अर्जावर सही केली.

मृगाच्या आधी रस्ता पूर्ण झाला. काळा, गुळगुळीत, सरळ. उद्घाटनाला पेढे वाटले. मला शाबासकी मिळाली, बदली मिळाली. फाट्यावर पत्र्याचा प्रवासी निवारा बांधला गेला, त्याला निळा रंग दिला. वर्ध्याहून कामासाठी येणं व्हायचं तेव्हा मी तो निवारा पाहायचो. उन्हाळ्यात त्यात कोणी बसलेलं मला कधी दिसलं नाही. आत तव्यासारखं तापायचं. एकदा मे महिन्यात दुपारी गाडीतून जाताना एक दृश्य दिसलं. फाट्यावर सात-आठ माणसं एकामागे एक, शाळेतल्या मुलांसारखी सरळ ओळीत उभी होती. मला वाटलं, कसली रांग? जवळ गेल्यावर कळलं. विजेच्या खांबाची सावली पडली होती, हातभर रुंद. त्या सावलीत ती माणसं उभी होती. सावली सरकेल तशी सगळी ओळ सरकत होती. हे खांब हलवायला लागू नयेत म्हणून मी ती रेघ पुसली होती. ड्रायव्हरला मी थांब म्हणालो नाही.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रांत ‘जागतिक तापमानवाढ’ हे शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले. आमच्याकडे लोक ते आपल्या भाषेत आधीपासून बोलत होतेच. मिरग वेळेवर येत नाही. आला तर दोन दिवसांत महिन्याचं पाणी टाकतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. संत्र्याच्या बागांना भलत्याच वेळी फूल येतं. पूर्वी दिवस कितीही तापला तरी संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की जमीन निवायची. आता अंगण सिमेंटचं, आणि ते दिवे लागल्यावरही ऊन ओकत राहतं. कचेरीत आम्ही यावर गप्पा मारायचो, कूलरसमोर बसून. अमेरिका, चीन, गाड्या, कारखान्यांची धुराडी. सगळं खरं होतं. आणि बोलून झालं की मन हलकं व्हायचं, कारण त्या यादीत आमच्यातलं कोणीच नव्हतं.

मग एका मे महिन्यात आर्वीच्या कचेरीतून फोन आला. गयाबाईला ऊन लागलं. रस्त्याच्या कडेला मुरूम टाकण्याचं काम चालू होतं, दुपारी दोनचा सुमार. पूर्वी त्या वेळी मजूर झाडाखाली भाकर सोडून पडायचे. आता पडायला जागा नव्हती, म्हणून काम उरकून लवकर घरी जाऊ, असं त्यांनीच ठरवलं होतं. कॅनमधलं पाणी तोंडात धरवत नव्हतं इतकं तापलेलं. गयाबाई काहीतरी असंबद्ध बोलू लागली, मग खाली बसली, मग पडली. अंग कोरडं आणि जळतं. पहिली एसटी आली तिच्यात घालून तिला आर्वीला नेलं. रस्ता चांगला होता म्हणून वेळेत पोचली, असं डॉक्टर म्हणाले. हेही मला लिहिलं पाहिजे. त्या रस्त्याने तिचा जीव वाचवला.

मी तिला बघायला गेलो तो तीन आठवड्यांनी. सवड नव्हती असं म्हणता येईल. घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली रेखाचा पदविकेच्या वेळचा फोटो. रेखा आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सुटीला आईपाशी आलेली. गयाबाई खाटेवर बसून होती. जीव वाचला होता, पण तोल गेला होता. उठताना भिंत धरावी लागे, पेला उचलला की हात थरथरे, आणि शब्द तोंडातून ओले, जड होऊन येत.

“या साहेब, जयभीम,” ती म्हणाली. “रेखा, साहेबाले खुर्ची दे.”

मी खुर्चीवर बसलो. पाणी प्यालो. रजेचं, औषधांचं विचारलं. आणि उठायच्या आधी, कशाने कोण जाणे, बोलून गेलो. “गयाबाई, तो नकाशा वरून आला नव्हता. मी काढला होता. एका बाजूने होत होतं. मी केलं नाही.”

रेखाने माझ्याकडे पाहिलं. गयाबाई हातातल्या पेल्याकडे बघत होती. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

“तुमीच?” ती म्हणाली.

“हो.”

“मंग तवा काऊन नाई सांगतलं?”

मी तोंड उघडायच्या आत रेखा बोलली. तिचं बोलणं शांत, वर्गात धडा सांगावा तसं. “साहेब, तेव्हा गावातली चाळीस-पन्नास माणसं तुमच्या कचेरीवर यायला निघाली होती. दोन्ही गावांची. फाट्याची ओळ ठेवा एवढंच म्हणायला. आईनेच त्यांना परत पाठवलं.”

“म्या सांगतलं लोकाइले,” गयाबाई अडखळत म्हणाली, “साहेब आपला मानूस हाय. त्याच्या हातात असतं तं त्यानं केलंच असतं. वरून आलं हाय, त्याले काऊन तरास देता?”

तिच्या बोलण्यात राग असता तर मी तो घेतला असता. राग नव्हता. एखादी वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवली गेली आणि आता ती आठवतेय, एवढंच त्या आवाजात होतं. मी परत निघालो तेव्हा रेखा दारापर्यंत आली. म्हणाली, “ते लोक आले असते तर तुम्ही ऐकलं असतं का?”

ऐकलं असतं. हेच तर वाईट आहे. पन्नास माणसं दारात उभी राहिली असती तर मी पुसलेली रेघ त्याच संध्याकाळी पुन्हा ओढली असती. खांबांची पत्रं लिहिली असती, बदली एक वर्ष लांबली असती, आणि फार काही बिघडलं नसतं.

जगाचं हवामान मी पाडलेल्या त्या झाडांमुळे तापलं नाही, हे मला कळतं. ते ऊन साऱ्या जगाच्या धुरातून येतं. पण ते सोसायला फाट्यावरच्या माणसांकडे जी एक गोष्ट होती, ती मी काढून घेतली, ऊन वाढत असताना. आणि काढून घेताना जे वाक्य मी वापरलं, तेच वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं. वरून आहे, आपल्या हातात नाही. पाऊस वरून येतो, ऊन वरून येतं. नकाशे येत नाहीत. ते खाली कोणाच्या तरी टेबलावर तयार होतात, आणि त्या टेबलावर खोडरबर असतं.

त्यानंतर मी थोडंफार केलं. माझ्या हाताखालच्या टप्प्यांवर उन्हाळ्यात मजुरांचं काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवायचं ठरवलं. ठेकेदार कुरकुरले, मग सरावले. जिथे भट्टी तिथे ताडपत्रीची सावली आणि माठाचं पाणी. साध्या गोष्टी. वीस वर्षांपूर्वीही करता आल्या असत्या. आणि गेल्या वर्षी सिंदीकडच्या, माझ्या माहेरच्या म्हणावं अशा एका रस्त्याचं रुंदीकरण माझ्याकडे आलं, तेव्हा दोन नकाशे काढले. एक दोन्ही बाजूंचा, एक एकाच बाजूचा. दोन्ही घेऊन गावच्या शाळेत बसलो, लोकांना बोलावलं, कुठली झाडं जातील आणि कुठली राहतील ते बोट ठेवून दाखवलं. तीन तास भांडण झालं. ज्यांची वावरं दुसऱ्या बाजूला होती ते तावातावाने उठून गेले, त्यांतले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण चिंचांची एक ओळ राहिली. समोरच्या उघड्या बाजूला पावसाळ्यात कडुनिंबाची रोपं लावली.

यंदा मार्चमध्ये गयाबाईकडे गेलो ते हे सांगायला. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला गेलो असेन. ती आता नोकरीतून सुटली आहे. सकाळच्या उन्हातही बाहेर निघत नाही. रेखाने दाराला ओलं पोतं लावलेलं होतं, त्याच्या आत ती बसली होती. मी सगळं सांगितलं. चिंचा, शाळेतलं भांडण, लावलेली रोपं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तिथी मैलकुली कोन हाय?”

“कोणी नाही. होता तो निवृत्त झाला. आता त्या जागा भरत नाहीत.”

“मंग पानी कोन टाकते?”

लावताना फोटो काढले होते, फलक लावला होता. पाण्याचं कागदावर कुठेतरी लिहिलेलं असणार.

गयाबाईने माझा चहाचा कप पुढे सरकवला. “मंग तुमीच जात जाजा,” ती म्हणाली. “सकाऊन जाजा. उनात नोका जाऊ.”

तेव्हापासून रविवारी सकाळच्या गाडीने मी सिंदीला उतरतो. शाळेच्या हातपंपावर दोन बादल्या भरतो. हातपंप मेच्या आधीच कोरडा जाईल असं तिथले लोक म्हणतात. एकवीस रोपं जिवंत आहेत, बाकीच्यांची नुसती आळी उरली आहेत. मागचा रविवार माझा चुकला.